नवा फोन घेण्याआधी जुन्याला एक शनिवार द्या

‘फोन हँग होतोय, आता नवीनच बघू या’ हे वाक्य दिवाळीच्या सेलच्या आसपास घराघरांत ऐकू येतं. बहुतेकदा हा प्रकार आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा असतो. फोन एका रात्रीत म्हातारा होत नाही. त्यातल्या तीन गोष्टी आधी थकतात: साठवणीची जागा भरते, बॅटरी दमते आणि चार्जिंगच्या तोंडात खिशातला कापूस जमतो. या तिन्हींचा इलाज एका दिवसात होतो, आणि त्यातल्या दोहोंना पैसा लागत नाही.

दिवस शनिवारचा धरावा. फोटो-चॅटचा बॅकअप घ्यायला अख्खी सकाळ जाते. बॅटरी बदलायला मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जायचं असेल, तर रविवारी तिथली बहुतेक शटरं खाली असतात.

आधी एक तारीख बघा

एक रुपयाही खर्चण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये ‘अबाऊट फोन’ आणि त्यात ‘अँड्रॉइड व्हर्जन’ उघडा. तिथे ‘सिक्युरिटी अपडेट’ किंवा ‘सिक्युरिटी पॅच’ म्हणून एक तारीख दिसेल. ती वर्षाहून जुनी असेल आणि नवं अपडेट शोधल्यावर ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ एवढंच उत्तर येत असेल, तर कंपनीने या मॉडेलवरून हात काढून घेतलाय असं समजा. अशा फोनला नवी बॅटरी बसवता येते, पण त्यावर बँकेचं आणि यूपीआयचं ॲप ठेवू नये. फोनची खरी एक्सपायरी डेट हीच. स्क्रीनवरचे ओरखडे किंवा मागचं उडालेलं पॉलिश बघून फोनचं वय ठरवू नका.

यात फोनाफोनांत मोठा फरक आहे. गूगलने पिक्सेल ८ पासून (२०२३) आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ पासून (२०२४) वरच्या वर्गातल्या फोनना सात वर्षांच्या अपडेट्सचं आश्वासन दिलं. दहा-बारा हजारांच्या फोनचं नशीब सहसा याच्या निम्म्यावर आटोपतं. म्हणूनच ‘स्वस्तातला दर दोन वर्षांनी बदलायचा’ हा हिशेब वाटतो तेवढा स्वस्त पडत नाही.

तारीख ताजी असेल तर पुढे चला.

सकाळ: जागा मोकळी करणं

फोनमधली साठवण ठासून भरली की नवं काही लिहिण्याआधी त्याला जुनं इकडचं तिकडे सरकवावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत कपाट हलवायचं तर आधी पलंग उचलावा लागतो, तशातली गत. कीबोर्ड उशिरा उघडणं, कॅमेऱ्याचं बटण दाबल्यावर फोटो दोन सेकंदांनी निघणं ही त्याची लक्षणं. एकूण जागेच्या १० ते १५ टक्के तरी रिकामी राहिली पाहिजे. ६४ जीबीचा फोन असेल तर साधारण ६ ते १० जीबी.

सुरुवात व्हॉट्सॲपपासून करा, कारण आपल्याकडे खरा पसारा तिथेच असतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि मग ‘मॅनेज स्टोरेज’. वर दोन गठ्ठे दिसतात: अनेकदा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीपेक्षा मोठं. पहिला गठ्ठा डोळे मिटून उडवला तरी चालतो. दुसरा मात्र बघून, कारण त्यात लग्नाचे व्हिडिओही असतात आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचेही. खाली ग्रुपवार यादी असते. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि नातेवाइकांचा ग्रुप एवढे तीन साफ केले की बरीच जागा सुटते. काढताना ‘सगळ्या प्रतीही काढा’ हा पर्याय निवडा. एकच व्हिडिओ चार ग्रुपांत आलेला असतो. इथे कचरापेटी नाही, म्हणजे गेलं ते गेलं. हवं ते आधीच बाजूला काढा.

त्याच ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होण्याचे पर्याय आहेत. मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग या तिन्हींतल्या व्हिडिओवरची टिक काढून टाका. हे केलं नाही तर तीन महिन्यांनी पुन्हा हाच शनिवार उजाडेल.

आता फोटो. सगळ्यात जास्त पस्तावा याच पायरीवर होतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना तुम्ही फोटो ‘डिलीट’ केलात, तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. ‘वर आहेच की’ म्हणून फोनमधला काढायला जावं आणि दोन्हीकडचा गमवावा, असं होतं. फक्त फोनमधली जागा सोडवायची असेल, तर त्याच ॲपमधला ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरा. तो बॅकअप झालेल्याच फोटोंना हात लावतो. चुकून डिलीट झालंच तर लगेच ‘बिन’ उघडा. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात, न झालेले ३० दिवस. याच कारणाने साफसफाई करूनही जागा वाढलेली दिसत नाही. खात्री पटल्यावर बिनही रिकामी करा.

गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे, आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. जून २०२१ पासून नवे फोटो त्यात मोजले जातात आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही. पाच-सहा वर्षांचे फोटो त्यात मावणार नाहीत. पैसे भरून जागा वाढवायची नसेल, तर टाइप-सी तोंडाचा पेनड्राइव्ह घ्या आणि तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. फॅट-३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल जात नाही, आणि बारशाचा लांबलचक व्हिडिओ नेमका तिथेच अडतो. सगळं एकदम ओढू नका. वर्षावर्षाचे फोल्डर करून कॉपी करा आणि प्रत्येक वेळी फायलींची संख्या दोन्हीकडे जुळते का बघा. ‘मूव्ह’ करू नका, ‘कॉपी’ करा. मधेच पेनड्राइव्ह हलला तर मूव्ह केलेली फाइल ना इकडची राहते ना तिकडची. पेनड्राइव्ह ही एकमेव प्रत असू नये. घरच्या लॅपटॉपवर दुसरी ठेवा.

‘बूस्टर’, ‘क्लीनर’, ‘रॅम मोकळी करा’ असली ॲप्स सरळ काढून टाका. ती स्वतःच मागे चालत राहतात आणि जाहिराती दाखवतात. उघडी ॲप्स बोटाने सतत वर सरकवून बंद करण्याची सवयही निरुपयोगी आहे. तेच ॲप पुन्हा शून्यातून उघडायला बॅटरी जास्त लागते. एखादं ॲप अडून बसलं असेल तर त्याचा ‘कॅश’, म्हणजे तात्पुरत्या फायलींचा साठा, पुसा. शेजारच्याच ‘क्लिअर डेटा’ला हात लावू नका, विशेषतः यूपीआयच्या ॲपमध्ये. तिथे पहिल्यापासून नोंदणी करावी लागते.

फोन वेगवान भासावा म्हणून ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘रिमूव्ह ॲनिमेशन्स’ चालू करता येतं. डेव्हलपर ऑप्शन्स (ॲप बनवणाऱ्यांसाठीचे लपवलेले पर्याय) उघडून हेच करण्याचा सल्ला जागोजागी दिला जातो, पण काही बँकांची ॲप्स ते पर्याय चालू दिसले की उघडतच नाहीत.

पाच मिनिटांचं काम: चार्जिंगचं तोंड

केबल सैल बसते, जरा हलली की चार्जिंग तुटतं. दुकानदार ‘पोर्ट बदलावा लागेल’ म्हणतो. आधी घरी बघा. जीन्सच्या खिशातला कापूस रोज केबलने आत ठासला जातो आणि तळाशी त्याचा घट्ट थर बनतो. मग केबल शेवटपर्यंत जातच नाही.

फोन पूर्ण बंद करा. दुसऱ्या फोनच्या टॉर्चने आत पाहा. लाकडी टूथपिक ब्लेडने चपटी तासून घ्या आणि तोंडाच्या भिंतीला लागून, तळापासून बाहेरच्या दिशेने हलकेच खरवडा. टाइप-सीमध्ये मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावर सगळ्या पिना असतात. तिला ढोसू नका. टाचणी, सुई, केसांची पिन यातलं काही घालू नका. तोंडाने फुंकरही मारू नका, त्यातून ओलच जाते. कॅमेऱ्याचा रबरी फुगा असेल तर उत्तम. नंतर केबल ‘टक’ करून बसली पाहिजे आणि तिची मान आणि फोनची कड यांत फट दिसता कामा नये. तरीही सैल वाटत असेल तर दुसरी केबल लावून बघा. बऱ्याचदा केबलच झिजलेली असते.

पावसाळ्यात ‘ओलावा आढळला’ अशी सूचना आली तर ती दाबून टाकून चार्जिंग सुरू करू नका. ओल्या पिनांमधून वीज गेली की त्यांवर हिरवट गंज चढतो आणि मग पोर्ट खरंच बदलावा लागतो. तोंड खाली करून फोन हलके झटका आणि पंख्याखाली काही तास ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरल्याने काही होत नाही, उलट पीठ आत जातं. हेअर ड्रायरने आतले गोंद सुटतात.

आणि फोन साचलेल्या पाण्यात पडलाच तर ‘आयपी ६८ आहे’ (हा पाण्या-धुळीपासूनच्या संरक्षणाचा दर्जा) म्हणून निश्चिंत राहू नका. ती चाचणी स्वच्छ गोड्या पाण्यात आणि नव्याकोऱ्या फोनवर होते. मुंबईत हिंदमाताला गुडघाभर साचतं ते पाणी त्या चाचणीतलं नव्हे. फोन लगेच बंद करा, सिमचा ट्रे काढा, बाहेरून पुसा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला द्या. आतली सर्किटची पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली तर फोन वाचू शकतो. ‘चालतोय की अजून’ म्हणून आठवडा काढलात, तर तेवढ्यात गंज आपलं काम उरकतो.

बॅटरी: बदलायची की नाही

फोन २५ टक्क्यांवरून अचानक बंद पडतो आणि चार्जरला लावला की पुन्हा २० टक्के दाखवतो. फ्लॅशने फोटो काढताना किंवा गर्दीत नेटवर्क शोधताना मरतो. ही दमलेल्या बॅटरीची ठरलेली चिन्हं. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज खाली बसतं, आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. बॅटरी खराब असल्याने काही फोन प्रोसेसरचा वेगही आपणहून कमी करतात. म्हणजे ‘हँग’ची तक्रारसुद्धा कधी कधी बॅटरीचीच असते.

आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या ‘बॅटरी’त ‘बॅटरी हेल्थ’ दिसते. ८० टक्क्यांखाली गेली की बदलावी. ॲपलच्याच सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चक्रांनंतर आणि १५ पासूनच्या १००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत. एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के खर्च, मग ते एका दिवसात होवो की दोन. अँड्रॉइडमध्ये काही फोनच्या सेटिंग्जमध्येच ही माहिती असते. सॅमसंगवर ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमधल्या चाचण्यांत बॅटरीची स्थिती कळते. बाकीच्यांनी ‘ॲक्युबॅटरी’ हे ॲप टाकून आठवडाभर नेहमीसारखं चार्ज करावं. ते दर चार्जिंगला क्षमतेचा अंदाज बांधतं. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका.

मागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीनच्या कडेने प्रकाश झिरपतोय, टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगतोय, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तिथेच थांबवा, फोन बंद करा. झाकण दाबून बसवण्याचा प्रयत्न अजिबात नको. गादी-पडद्यांपासून लांब, स्टीलच्या ताटलीत किंवा फरशीवर ठेवा आणि शनिवारची वाट न बघता त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या.

दुकानात जाण्याआधी

बॅकअप सकाळीच झालाय. आता ‘*#०६#’ असा नंबर लावा आणि स्क्रीनवर येणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, कागदावर लिहून घ्या. दोन सिमचा फोन असेल तर दोन असतात. सिम आणि मेमरी कार्ड काढून घरी ठेवा. फोनचं मॉडेल ‘अबाऊट फोन’मधून अक्षर न् अक्षर टिपा. एकाच नावाच्या ‘प्रो’, ‘प्लस’ आणि साध्या फोनच्या बॅटऱ्या वेगळ्या असतात.

बॅटरी बदलायला कारागिराला तुमचा पिन लागत नाही. कोणी मागितला तर ‘चाचणी माझ्यासमोर करा, मी उघडून देतो’ म्हणा. फोन ठेवून जावं लागणारच असेल, तर सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ आहे. तो चालू केला की तुमचे फोटो, चॅट, ॲप्स झाकली जातात आणि कारागिराला कोरा फोन दिसतो.

कुठे न्यायचा

पहिली पसंती अधिकृत सर्व्हिस सेंटरला, निदान भाव विचारण्यापुरती. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सुट्या भागांचे दर दिलेले असतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवरही कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती मिळते. साध्या अँड्रॉइड फोनची बॅटरी मजुरीसकट बाहेरच्या दुकानाएवढ्याच पैशांत पडते असं बघून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. तिथे अडचण वेळेची: सुटा भाग मागवावा लागला तर फोन दोन-चार दिवस अडकतो.

दुसरी वाट लॅमिंग्टन रोडची. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगावं लागतं. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत पोहोचता येतं. दुकान निवडताना पाटीपेक्षा टेबल बघा. गरम करायची प्लेट, चिमटे, नवा गोंद आणि झाकण दाबून धरायच्या क्लिपा दिसल्या तर बसा. नुसता स्क्रू-ड्रायव्हर आणि प्लॅस्टिकची पट्टी दिसली तर पुढे चला.

‘ओरिजिनल’ हा शब्द इथे चार अर्थांनी वापरतात: कंपनीची सीलबंद, दुसऱ्या फोनमधून काढलेली, चांगल्या प्रतीची नक्कल आणि नुसतंच स्टिकर. म्हणून शब्दावर न जाता बॅटरी हातात घ्या. उत्पादनाची तारीख वर्षाच्या आतली हवी, कारण खोक्यात पडूनही सेल म्हातारा होतो. क्षमता जुन्या बॅटरीइतकीच हवी. त्याच आकारात ४००० च्या जागी ‘५५००’ लिहिलं असेल तर तो आकडा नुसता छापलेला आहे. कडांना जुना गोंद, ओरखडे, कनेक्टरवर घासल्याच्या खुणा असतील तर ती काढलेली बॅटरी.

झाकण गोंदाने चिकटवलेलं असतं आणि ते ऊब देऊन सोडवतात. मागे काच असेल तर ती तडकण्याचा धोका असतो. फुटली तर कोणाच्या अंगावर, हे आधीच ठरवा. नवी बॅटरी बसल्यावर जुन्याच गोंदावर झाकण दाबू देऊ नका. नवा गोंद लावून निदान अर्धा तास क्लिपांत धरायला सांगा. तेवढ्यात कोपऱ्यावर चहा होतो. एकदा उघडलेल्या फोनचं पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं उरत नाही, हे गृहीत धरा. बाहेरची बॅटरी बसवलेला आयफोन सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात भाग’ असा शेरा दाखवतो आणि टक्केवारी लपवू शकतो. तो बिघाड नव्हे.

पैसे देण्याआधी टेबलाशीच उभं राहून तपासा: बोटाचा ठसा, दोन्ही कॅमेरे, एक व्हॉइस रेकॉर्डिंग करून माइक आणि स्पीकर, चार्जर लावल्यावर ‘फास्ट चार्जिंग’ येतं का, कडेने नख जाईल अशी फट नाही ना. कॉलच्या वेळी स्क्रीन काळी होते का, हे बघायला तिथल्याच कोणाचं तरी सिम टाकून घ्या, नाहीतर घरी गेल्यावर पहिलं काम ते. पावतीवर बॅटरीची वॉरंटी महिन्यांत लिहून घ्या. जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेऊ शकते. टोकांवर टेप लावून सर्व्हिस सेंटरच्या ई-कचरा पेटीत द्या.

स्क्रीनही फुटलेली असेल तर वेगळा हिशेब. चांगल्या ओएलईडी स्क्रीनचा खर्च फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. दुरुस्ती नव्या फोनच्या पाव किमतीत बसत असेल तरच करावी. त्यापुढे हट्ट नको.

नवी बॅटरी टिकवायला

उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी ही जोडगोळी सगळ्यात घातक. फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा आणि गणपती बघायला रात्रभर फिरायचं असेल त्या दिवशीच १०० करा. उशीखाली, गादीवर चार्जिंग नको. बाइकच्या हँडलवर मे महिन्याच्या उन्हात नकाशा चालू ठेवून चार्ज करणं हा बॅटरी मारण्याचा खात्रीचा उपाय.

चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बनावट आहे का ते बघता येतं. पुलावरचा दीडशेचा चार्जर याच परीक्षेत नापास होतो. कंपनीचं ‘६७ वॉट’ वगैरे बऱ्याचदा तिच्याच चार्जर-केबलच्या जोडीवर चालतं. दुसऱ्या चार्जरवर फोन सावकाश भरला तर घाबरू नका, ते बॅटरीला बरंच असतं. चार्जिंग करताना धातूच्या कडेला बारीक झिणझिण्या लागणं दोन पिनांच्या चार्जरमध्ये घडतं. झटका बसला तर मात्र तो चार्जर फेका.

एवढं करूनही अडखळत असेल

शेवटचा उपाय फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन पुन्हा कोरा करणं. तो संध्याकाळी, घाई नसताना. गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना, हे आधी दुसऱ्या यंत्रावर लॉग-इन करून बघा. नाहीतर रीसेटनंतर फोन तुम्हालाच चोर समजून कुलूप लावतो. सेव्ह केलेले नंबर गूगल काँटॅक्ट्समध्ये आहेत का ते पाहा. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच नंबराने आणि त्याच गूगल खात्यानेच परत येतो. त्याला पासवर्ड लावला असेल तर तो हाताशी ठेवा. लॉग-इनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप असेल तर ते आधी दुसऱ्या फोनवर हलवा.

रीसेटनंतर यूपीआयची नोंदणी करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जातो. रिचार्जमध्ये एसएमएस नसेल किंवा बॅलन्स शून्य असेल, तर नोंदणी पुन्हा पुन्हा फसते आणि लोक बँकेला फोन लावत बसतात. आधी छोटा रिचार्ज करा. ॲप्स सगळी एकदम परत ओढू नका. लागेल तसं एकेक टाका. महिन्याभरात कळतं की साठातली पंचवीसच लागतात.

पहिल्या पायरीवर तारखेने नापास झालेला फोन बँकेची ॲप्स काढून घरात ठेवता येतो: स्वयंपाकघरात रेडिओ, देवघराशेजारी आरत्यांचा स्पीकर किंवा दाराकडे तोंड केलेला कॅमेरा. सतत चार्जरवर ठेवणार असाल तर बॅटरी फुगत नाही ना, हे महिन्यातून एकदा बघा. विकणार असाल तर क्रम चुकवू नका: आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढायचं आणि मग रीसेट. उलटं केलंत तर घेणारा कुलूपबंद फोन हातात धरून तुमच्या दाराशी परत येईल.